इतर

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे चोवीस माग,
आणि खडखडाटापासून एका काचेनं वाचवलेलं माझं टेबल.
मी हिशेब लिहितो. सूत, वीज, मजुरी,
यंदापासून एक नवं पान: शिकाऊ.

गड्ड्याची यात्रा भरायच्या आत
मालकांनी परिपत्रक दोनदा वाचलं.
"विद्यावेतनातला अर्धा वाटा सरकारचा," म्हणाले,
"म्हणजे अर्ध्या किमतीत माणूस."
मग स्वतःच ओशाळले: "म्हणजे, पोरांना तेवढीच संधी."
मी दोन्ही वाक्यं ऐकली.
फाइलला दुसरं लावलं.

लावण्या चिलवेरी. वय एकोणीस. आयटीआय.
पत्ता विडी घरकुल.
आधारवर आडनावात एक अक्षर जास्त,
त्यापायी पहिला हप्ता दोन महिने अडकला.
आई रोज हजार विड्या वळते, हे फॉर्मात नव्हतं.
"तंबाखू नको म्हणून आले," एवढंच बोलली,
डब्याचं झाकण लावता लावता.

शिकवायला मल्लय्या बोगा. साठी उलटलेली, कान गेलेले,
मागाचा बिघाड तो तळहातानं ऐकतो.
पहिल्या दिवशी मागाजवळ फिरकूच दिलं नाही.
तुटक्या तारा हातात दिल्या: "मुडी."
त्याच्या तेलुगूत गाठीला एवढाच शब्द.
अशी बारीक, की फणीतून जाताना
फणीला कळू नये.
आठ दिवस ती गाठीच मारत होती,
बसमध्ये, ओढणीच्या दशांवरसुद्धा.

पोर्टलवर रकाना: आत्मसात कौशल्य.
सत्तेचाळीस पर्याय, गाठ नाही.
मी 'इतर' निवडलं.

जूनपासून चार माग तिच्याकडे.
मल्लय्या कित्येक वर्षांनी भर पाळीत
फाटकाबाहेर जाऊन निवांत विडी ओढून आला.
तिच्या आईनं वळलेली असेल, नसेलही.

आता डिसेंबर. मुदत संपते, सरकारचा वाटा थांबतो.
मालकांनी कच्चा हिशेब मागितला:
हिला कायम केलं तर किती,
नवा शिकाऊ घेतला तर किती.
माणूस वाईट नाही बे.
सुताचा भाव मीच रोज लिहितो,
वीजबिल आलं की ते चष्मा काढून ठेवतात.
मी दोन आकडे मांडले, फरक लाल शाईनं.
आणि कुणी न विचारता खाली तिसरी ओळ:
नव्याला गाठ येईपर्यंत उभे राहिलेले माग, तासांत.
हा आकडा मल्लय्यानं सांगितला, बोटांची पेरं मोजून.

कागद परवापासून मालकांच्या टेबलावर.
तिसऱ्या ओळीवर चहाच्या कपाचा गोल उमटलाय.
म्हणजे वाचली असावी.
किंवा नुसता कप ठेवला असेल.

काचेपलीकडे नऊ नंबरचा माग थांबला.
ती वाकली.
मी पेनाचं टोपण शोधेपर्यंत पुन्हा चालू.

पोर्टल विचारतंय: प्रशिक्षण पूर्ण? होय, नाही.
इथं 'इतर' नाही.
सेशन संपायला सात मिनिटं आहेत.