घणसोलीची गच्ची

टेप धरून पोरगा टाकीपाशी उभा:
"काका, मोनोच घ्या. आठ बसतील.
पंचवीस वर्षांची हमी."
मी बोटांवर मोजलं. अठ्ठ्याऐंशी होतील मला.
हमी कुणाची, ते विचारलं नाही.

साडेतीनला समोरच्या टॉवरची सावली
कठडा ओलांडून येते
आणि टाकीला टेकून बसते, घरचीच असल्यागत.
तेवढी जागा त्याने खडूने खोडली.
सात.

बाबा मिठागरात
कोंडीतलं पाणी जिभेला लावून सांगायचे
ऊन किती मुरलंय.
ह्याच्याकडे मीटर आहे.
आकडा वाचताना
ह्याचीही जीभ जराशी बाहेर येते.

इतक्यात ही वर आली, सुपात ओला जवळा:
"आन् ह्यो कं सुकवू?"

पोराने माझ्याकडे पाहिलं.
मी खडू मागितला.

सहा.