टॅम्प्लीज

अल-रायच्या शुक्रवार बाजारात
गालिचे आणि जुन्या एसींच्या मधल्या बोळात
अर्ध्या दिनारला मिळालं.
विकणारा म्हणाला, चित्रं छान आहेत, पोरांना द्या.
कव्हरवर बुडालेलं बंदर,
दीपस्तंभाला विळखा घातलेलं एक जनावर,
हात अकरा. चित्रकाराने मोजले नसावेत.

मी खेळ चालवतो, साल्मियात, तिसऱ्या मजल्यावर.
दापोलीचा इम्तियाज परकार चोर होतो,
लिसम्मा फरवानियाच्या हॉस्पिटलातून रात्रपाळी करून येते
आणि कुऱ्हाड चालवते.
बद्रिया जादूगार. तिचा भाऊ नुसता समोसे खातो.
नव्या आवृत्तीत मरणं अवघड झालंय:
शून्यावर आलात तरी तीन दानं मिळतात,
कुणी पाणी पाजलं की उठून पुन्हा लढायचं.
या पुस्तकात शून्य म्हणजे शून्य.
नवा कागद, नवं नाव, पेन्सिलीला टोक.

महिनाभर जुने आकडे नव्यात उतरवतोय.
तेव्हा चिलखत जितकं भारी तितका आकडा लहान,
म्हणजे प्रत्येक वेळी विसातून वजा.
दिवसा साइटवर सळया मोजायच्या,
रात्री राक्षसांचे दात.

चौदाव्या पानावरची मीठवाली ठेवली.
ती पैसे घेत नाही, खोटं घेते,
आणि एकच खोटं दुसऱ्यांदा चालत नाही.
भरतीचा तक्ता ठेवला, कुठलं दार किती वाजता पाण्याखाली;
असं काम आता कुणी करत नाही.
तिसाव्या पानावरचा वाळवंटी माणूस मात्र,
दाढी, तलवार, लबाडी, बस एवढाच,
बद्रियासमोर मोठ्याने वाचवला नसता.
त्याला आई दिली, दमा दिला,
विहिरींची नावं पाठ असण्याची खोड दिली.

मग एकोणिसाव्या दाराशी, समासात, फिकट पेन्सिल:
नौशीर सात. होदा बारा. डेरेक नऊ. कुरियन तीन, पायाला लागलंय.
दिव्यात तेल दोन तासांचं.
होदा दाराला कान लावून ऐकतेय.
पुढची बैठक कुरियनकडे,
गुरुवार, २ ऑगस्ट १९९०.

या शहरात ती तारीख कुणाला समजावून सांगावी लागत नाही.
मी रबर उचललं आणि खाली ठेवलं.

चिपळूणला आम्ही मूठ ओठांना लावून
टॅम्प्लीज म्हणायचो.
मग चप्पल सुटलेली असो की आईची हाक,
तेवढ्यापुरतं कुणी कुणाला औट करायचं नाही.
राज्य असलेला पोरगासुद्धा थांबायचा, धापा टाकत.
इतका वेळ मात्र कुणी मूठ धरून ठेवली नव्हती.

सगळं उतरवलं. कुरियनचे तीन तसेच ठेवले,
विसातून काही वजा केलं नाही.

काल आमचे लोक एकोणिसाव्या दाराशी पोचले.
इम्तियाज म्हणाला, कान लावतो. काय ऐकू येतं?
फासा गडगडत समोशांच्या बशीला अडला. सतरा.
मी कागद चाळल्यासारखं केलं.
म्हटलं, श्वास. अगदी जवळ.
पलीकडूनही कुणीतरी कान लावलाय.

बद्रियाने मंत्रांचं पान उघडलं.
इम्तियाजने सुरी काढली, म्हणजे तसं सांगितलं.
लिसम्मा म्हणाली, थांबा जरा,
मी कुऱ्हाड खाली ठेवते. आधी विचारा,
आत किती जण आहेत,
आणि कुणाला लागलंय का.