आटीची पट्टी

उद्यमबागेत एकतीस वर्षं मी पॅटर्न केले.
पंपांची पोटं, गिअरबॉक्सची झाकणं,
आधी सागवानात, मग वाळूत, मग लोखंडात.
लोखंड निघून जायचं, पुण्याला, कोइमतूरला.
लाकूड परत माळ्यावर यायचं,
काळं पडलेलं, नंबर घातलेलं.

आमची पट्टी खोटी असते.
तिच्यातला फूट फुटापेक्षा मोठा,
कारण लोखंड थंड होताना आटतं
आणि किती आटणार
हे सुताराला आधी ठाऊक पाहिजे.

काम सुटलं त्या मार्चात
रद्दीतल्या एका मासिकात ते विमान दिसलं.
निळं. शर्यतीचं. शंभर वर्षांमागचं.
चाकं नाहीत, पायांत दोन लांब होड्या,
जणू कुणी पाण्यावर चालायची पैज लावून निघालंय.
एक फोटो, आणि तीन बाजूंची रेघाटणी अंगठ्याएवढी.
कंपासनं मापं उचलली, चौथ्या हिश्श्यात मांडली.
पंख सव्वासात फूट.
स्कूटर उन्हात गेली, शेड रिकामी झाली.

शेवंता म्हणाली, "समुद्र कुठाय आपल्याकडं?"
"नाही. खरं विमान तरी कुठाय?"

हलकं लाकूड म्हणून खानापुराकडं सावर शोधली.
वखारवाला म्हणाला, काडेपेटीचं लाकूड की हो ते.
चोवीस बरगड्या, एकेक कानशीनं.
पंख अंगाला मिळतो त्या खाचेत
कातड्याची पट्टी घासून बसवली,
वाळूचा कोपरा ढासळू नये म्हणून बसवत आलो तशीच.
इथं वाळू नव्हती.
बोटांना कोण सांगणार.

पाणी गार करायची पितळी कातडी पंखांवर,
पत्रा तांबटाकडचा,
रेघा शेवंताच्या शिवणकामाच्या दातेरी चाकानं.
चाक तिनं परत मागितलं नाही.
किती उरल्यात, एवढंच विचारायची.

शेपटीवर चारचा आकडा होता.
ईराण्णा पेंटरनं डबा उघडला, आणि थांबला.
या गावात पाट्या रंगवून त्याचे केस पिकले,
रंगवून, पुसून, परत रंगवून.
"आकडा कुठल्या लिपीत?"
दोघंही हसलो, खरं तो विचारतच होता.
"फोटोत आहे तसा."
त्यानं एका श्वासात ओढला. पैसे घेतले नाहीत.

मग एका रात्री
कागदावरची लांबी आणि शेडमधली लांबी जुळेना.
शेजारी शेजारी ठेवल्या दोन पट्ट्या.
सहा महिने मी आटीची पट्टी वापरत होतो.
बरगड्या, होड्या, शेपूट,
शंभराला एक जास्त, सगळंच सारखं जास्त,
म्हणून कुठं अडलं नाही.
सव्वासात फुटांवर बोटभर.
स्टुलावर बसून राहिलो.
यातून काही ओतायचं नव्हतं.
हे लाकूडच ते होतं.
आटणार कोण?

टेम्पोत गाद्या घालून हिडकलच्या पाण्याला नेलं.
इंजिन नाही त्यात, कधी ठरलंच नव्हतं.
होड्या रेघेपर्यंत बुडाल्या आणि राहिल्या.
म्हशी घेऊन आलेला पोरगा म्हणाला,
"हारतैतेन्री?"
इल्ल, म्हटलं. बसतं नुसतं.
"मत्त याक?"
मला कानडी येतं.
त्या प्रश्नापुरतं आलं नाही.

वारा फिरला तसं ते आपलं आपण वळलं,
वाऱ्याकडं तोंड करून उभं राहिलं.
कुणी शिकवलं नव्हतं.
शेवंता काठावर, चपला हातात.
"ओलं लाकूड फुगतं ना हो?"
फुगतं, म्हटलं.
त्याची पट्टी कुणी केली नाही.