कडेला आलेला हात

धुळ्याच्या सरकारी इस्पितळात, तळमजल्यावर,
एक्स-रेच्या खोलीला खिडकी नाही.
बाहेर मे महिन्याचं चव्वेचाळीस,
आत मशीनसाठी एसी,
म्हणून लोक दाराला टेकून उभे राहतात
आणि मी त्यांना हाकलत नाही.

भामरे मॅडमचा अभ्यास दोन वर्षं चाललाय:
हाडातले डाग.
साधी फिल्म किती सांगते, एमआरआय किती,
आणि शेवटी सुईनं काढलेला तुकडा काय म्हणतो.
माझं काम नावं झाकायचं.
नाव, गाव, आडनाव, सगळ्यावर पट्टी.
वय तेवढं उघडं ठेवायचं;
डाग वाचायला वय लागतं.
मग दोन डॉक्टर, दोन खोल्या,
एकमेकांना न विचारता वाचतात.

सदतीस नंबर. वय नऊ.
पट्टी मीच लावली, म्हणून नाव मला ठाऊक:
खजान.
धडगावच्याही वरच्या पाड्यावरून
दोन जीपा आणि एक एसटी.
नडगी सुजलेली, चार रात्री झोप नाही,
पाय काही केल्या स्थिर ठेवेना.
आई पुढे झाली.
शिशाचा एप्रन मी तिच्या गळ्यात अडकवला.
शिशाचे हातमोजे फाटलेले,
मागणीपत्र दिलंय, तीनदा.
तिनं उघड्या हातांनी त्याचा घोटा धरला
आणि पावरीत काहीतरी पुटपुटली.
श्वास धर, मी म्हणालो.
दोघांनी धरला.

फिल्मवर हाडाच्या कडेनं
कांद्याच्या पापुद्र्यासारखी एक पातळ रेघ.
मॅडमनी लिहिलं: जंतुसंसर्ग.
तडवी सरांनी लिहिलं: गाठ, बहुधा वाईट.
दोन्ही लखोटे माझ्याच कपाटात,
एकावर एक,
त्या दुपारी डबा तसाच घरी नेला.

एमआरआयला नंबर लागायला अकरा दिवस.
त्यात दिसली नागमोडी कड,
जणू नकाशावरची एखादी आटलेली नदी.
रक्त तपासलं: पेशी विळ्यासारख्या वाकड्या.
संसर्ग नव्हता, गाठ नव्हती.
हाडाच्या तेवढ्या भागाला
रक्तच पोचलं नव्हतं.
माझा बाप पांझरेच्या फडावर पाटकरी होता.
रात्री-बेरात्री कुदळ घेऊन निघायचा,
पाट कुठे तुंबलाय ते पायानं चाचपत.
शेवटचा वाफा कसा वाळतो
हे मला कुणी शिकवायला नको.

सुईची वेळ आली नाही.
तक्त्यातला तो रकाना रिकामा ठेवता येईना,
तिथं मॅडमनी लिहिलं: सहा महिने पाहिलं.

अभ्यासात छापायला चित्रं निवडली तेव्हा
सदतीस नंबरचं निघालं.
मॅडम म्हणाल्या, कडा काप, हात नको दिसायला.
कापायला बसलो.
चार बोटं, जाड चांदीची अंगठी,
आणि अंगठीच्या वर, अनामिकेच्या हाडात,
ज्वारीची लाही फुटावी तसे
बारीक पांढरे ठिपके.
दोघांनी वाचलं होतं, दोघांना दिसलं नव्हतं.
त्यांना विचारलंच होतं नडगीचं.

पाड्यावर फोन लागत नाही.
आशाताईकडून निरोप, बाजाराच्या दिवशी.
ती आली, खजान पुढे, स्वतःच्या पायांनी.
बोटाची वेगळी फिल्म काढली.
तडवी सर म्हणाले, कूर्चेचा दाणा आहे,
निरुपद्रवी, कधी मोडलं तर बघू.
मी अहिराणीत सांगितलं, काही नई शे, माय.
तिनं बोट उलटसुलट केलं,
कधी दुखलंच नव्हतं ते.

मग मी तिला तो कापलेला तुकडा दाखवला,
स्क्रीनवर मोठा करून:
हे तुझं हाड, ही तुझी अंगठी.
ती बराच वेळ बघत राहिली.
शेवटी म्हणाली,
'यामा पोर्‍याना पाय कोठे शे?'

मी जुनी फाइल उघडली,
न कापलेली.