तिसरं आणि चौथं

ओलेसुंदला नोव्हेंबरात साडेतीनलाच अंधारतं.
ओद्वेगच्या पडद्यावर मात्र अजून उजेड आहे:
पांढरी पाटी, त्यावर चौकोन,
चौकोनांतून निघालेल्या बारीक रेघा.

डावीकडून सहा येतात.
फेरीबोटीचं पुढे सरणं, बाजूला सरणं,
वरखाली होणं, कूस बदलणं,
नाक खुपसणं,
आणि शेवटी तोंड फिरवणं.
मध्ये उभी काळी पट्टी, करंगळीएवढी.
पलीकडे एकच जाड रेघ.

इथे नावं गळतात.
पट्टी विचारत नाही, तू कुणाचा, कुठून आलास.
विचारते फक्त, कितवा?

आज सकाळी नकली बोट बुडाली.
वारा शून्य, समुद्र ताटासारखा.
गाड्या चढल्या, एवढंच निमित्त.
लाल खूण उमटली नाही, कुणी कुरकुरलं नाही;
सहा आकडे हवे होते, सहाच आले होते.

दुपारभर तिने लाटांवर संशय घेतला,
मग वजनांवर, मग स्वतःवर.

जुना कप्तान अन्सगार तपासायला आला होता.
मोजे काढून खुर्चीत बसला, म्हणाला,
माझ्या तळव्यांना सगळं एकदमच कळतं, बाई.
कुठलं कितवं, ते कधी विचारलं नाही मी.
ती हसली नाही.
तिने पट्टीवर बोट ठेवलं
आणि वरून मोजत आली.
एक. दोन.
तिसऱ्या जागी कूस, चौथ्या जागी वरखाली.

म्हणजे बोट ओझ्याने चाळीस सेंटिमीटर बसली होती.
फक्त बसली होती, शहाण्यासारखी.
पुढच्या चौकोनाने ते वाचलं
तेवीस अंश कलंडली, असं.

कुणी जोडल्या होत्या या तारा?
तारीख जूनची. रात्रीचे दोन.
आद्याक्षरं तिचीच.

दोन रेघांची अदलाबदल, एवढंच काम.
शेजारी पिवळा कागद चिकटवला, हाताने लिहिलेला:
इथे नावं राहत नाहीत. क्रम पाहा.
अन्सगारने तो दोनदा वाचला
आणि मोजे चढवले.

सहाच्या खऱ्या बोटीने ती घरी निघाली.
खिडकीशी कॉफी, खाली गाड्यांची गडगड,
मासळीचा एक ट्रक, मग आणखी एक.
धक्क्यावरचा दिवा काचेत किंचित वर सरकला.
किती, ते तिने मोजलं नाही.