पाण्याची लेकरं

आमच्या जालन्यात नळ अकराव्या दिवशी येतो,
आणि माझी नोकरी आहे सांगायची की
साठवलेलं पाणी ओतून द्या.
चंदनझिऱ्यात बाया लांबूनच ओळखतात :
आला, अळ्यावाला.
ड्रमला पाठ लावून म्हणतात,
आधी मला ओता.

त्या साली बियाण्याच्या कंपनीत
थायलंडची बाई आली, मिरचीची जाणकार.
नाव कान्चना. शेडनेटातल्या बायांनी
दुपारपर्यंत तिची कांचनबाई केली.
चिमट्यानं कळी उघडायची, नराचा पराग
मादीच्या टोकाला टेकवायची,
दोरा बांधायची, पुढच्या झाडाला.

एकदा शेवंताच्या दारात माझी बॅटरी ड्रमात,
तर तीही वाकली शेजारी.
'लूक नाम,' म्हणाली.
दुभाष्या पोरगा म्हणाला,
तिकडं अळ्यांना पाण्याची लेकरं म्हणतात.
शेवंता माझ्यावरच उखडली :
बघा, लेकरं म्हणतात लोकं,
अन् तुम्ही औषध टाकता.

येऊन सहावा दिवस, तिला ताप.
डोळ्यांमागं ठणका, हाडं कुटल्यासारखी.
रिपोर्ट डेंग्यू. पेशी चाळीस हजार.
मी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं :
सहा म्हणजे तिकडचाही असेल,
इकडचाही.
फॉर्मात रकाना होता, परदेश प्रवास.
'होय' लिहिलं, आणि पेन तिथंच राहिलं.
तिच्यासाठी परदेश म्हणजे
आम्हीच की.

बायांनी पपईच्या पानांचा रस नेला.
तोंड वाकडं करून प्यायली. बरी झाली. गेली.
तीन आठवड्यांनी त्याच गल्लीत अर्शिया,
मग गायकवाडांचा सुमेध.
त्यांच्या रकान्यात 'नाही'.
दोघं बदनापूरच्या पुढं कधी गेलेली नाहीत.

साहेब विचारतात, कुणी कुणाला दिला?
मला चिमट्याचं टोक दिसतं,
या फुलातून त्या फुलात,
आणि पांढऱ्या पट्ट्यांच्या पायांची एक मादी,
जी दोरा बांधत नाही,
चिठ्ठी लावत नाही.

परवा फोनवर फोटो आला :
तिच्या आईच्या दारातला रांजण,
तोंडाला जुनं कापड, करकचून बांधलेलं.
शेवंताला दाखवला.
बोटांनी मोठा करून तिनं बराच वेळ पाहिला.
मग म्हणाली,
'त्यांच्यात नळ
कितव्या दिवशी येतो?'