शून्याच्या दगडापर्यंत

इंदापूर सोडलं तेव्हा साडेपाच वाजले होते.
पहिला दगड म्हणाला, पुणे एकशे छत्तीस.
मी म्हटलं, बरं.
पहाटे माणूस कशालाही बरं म्हणतो.
चेन नुकतंच तेल प्यायलेली,
हवेला उजनीच्या पाण्याचा ओलसर वास,
आणि मांड्यांना अजून पत्ताच नाही
त्यांना कशासाठी उठवलंय.

भिगवणला चहा.
टपरीवाल्याने सायकलच्या पिशव्या बघितल्या,
मग मला, मग मागचा रस्ता,
जणू अजून कुणीतरी पोचायचंय.
"एकट्याच?"
हो.
त्याने ग्लास काठोकाठ भरला.
कीव होती की कौतुक, विचारलं नाही.
साखर मात्र जास्त होती.

दहाला वारा फिरला.
आधी कुरकुंभच्या कारखान्यांचा वास आला
आणि त्यामागून वारा स्वतः,
समोरून, सरळ तोंडावर.
वाऱ्याशी वाद घालता येत नाही.
मान खाली घालून ऐकून घ्यायचं,
टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं
लोकांचं ऐकून घेतलं तसं.
आपली तक्रार नोंदवली आहे.
आपली तक्रार नोंदवली आहे.
पायडल, पायडल.

बाराला सावली चाकाखाली येऊन बसली
आणि मी तिच्यावरूनच सायकल नेत राहिले.
बाटलीतल्या पाण्यात नुसती पत्ती टाकायची बाकी.
बाहीवर मीठ फुललेलं,
चाटून बघितलं:
लोणच्याच्या बरणीची कड.

पाटसच्या अलीकडे मागचं चाक बसलं.
आवाज नाही, काही नाही,
घरात कुणी रुसून बसतं तसं.

इलाही मुलाणींचं दुकान ट्रकच्या टायरांचं.
"सायकलचं सोल्यूशन वाळून गेलं, ताई.
कोण येतंय आता."
सोल्यूशन माझ्याकडे होतं. घमेलं त्यांनी दिलं.
उकिडवी बसून मी ट्यूब पाण्यातून फिरवली,
बुडबुड्यांची एक बारीक माळ वर आली.
बाभळीचा काटा. ठिगळ लावलं.
उठणार तेवढ्यात ते म्हणाले, थांबा.
पाण्यात बोट घातलं. "हितं."
मला काहीच दिसेना.
खूप वेळाने एक बुडबुडा सुटला,
मोहरीएवढा.
"बापाची नजर गेलेली. नऊ वर्षांचा असल्यापासनं
मीच सांगायचो, हितं."

पैसे घेतले नाहीत असं लिहिलं
तर गोष्ट गोड होईल.
वीस रुपये घेतले.
"ठिगळ तुमचं. बोट माझं."

चौफुल्याला गुऱ्हाळ.
गरम गुळाचा खडा जिभेवर ठेवून
पुढचे सहा किलोमीटर कुणाशी बोलले नाही.
तसंही कुणाशी बोलणार होते?
पण एकटं असणं आणि तोंडात गूळ असणं
यात फरक असतो.

मग यवत, उरुळी, लोणीचे टँकर.
डांबर मऊ. डोकं त्याहून मऊ.
एका दगडावरचा आकडा मी तीनदा वाचला
आणि तिन्ही वेळा वेगळा.

हडपसरला दिवे लागले होते.
सिग्नलला शेजारी स्कूटीवर एक मुलगी,
डोळे सोडून सगळी ओढणीत गुंडाळलेली.
"काकू, कुठून?"
इंदापूर.
"बसने?"
मी सायकलच्या सीटवरून तिच्याकडे नुसती बघत राहिले.

घराची गल्ली डावीकडे होती.
वळले नाही.
पुणे अजून आठ होतं
आणि दिवसभर मी ज्या आकड्यातून वजा करत आले
तो अर्धवट टाकून झोप लागली नसती.

जीपीओपाशी शून्याचा दगड.
पोस्ट बंद. फुटपाथवर पाणीपुरीची रिकामी द्रोणं,
एक माणूस फोनवर कुणाला तरी सांगत होता
की तो निघालाय, दहा मिनिटांत पोचतोच,
आणि जागचा हलत नव्हता.
दगडाला हात लावला.
अजून गरम होता,
माझ्यासारखाच दिवसभर उन्हात.

काही झालं नाही.
गुडघे थरथरले, एवढंच.
मग लक्षात आलं की घर आता आठ किलोमीटर मागे आहे
आणि सकाळपासून पहिल्यांदा
वारा पाठीत असणार आहे.